तळमजल्याची खचलेली शहाबादी काढून टाइल बसवायची आहे. सोलापुरात कंत्राटदार कसा निवडावा?

विजापूर_रोड_ताई

नमस्कार मंडळी. विजापूर रोडला आमचं बैठं घर आहे, सासऱ्यांनी १९९४ साली बांधलेलं. सगळ्या खोल्यांत शहाबादी फरशी. हॉलमध्ये मधोमध ती खचली आहे, दोन फरश्या पाय पडला की डुलतात आणि पुसून काढलं की पाणी तिथंच साचतं. सासूबाईंचं वय ७६. हॉलमधून देवघराकडे जाताना त्यांच्या पायाचा अंगठा एका फरशीच्या कडेला अडकतो, त्या भिंतीला धरून चालतात. काम काढलंय ते त्यांच्यासाठी.

आतापर्यंत तिघं येऊन बघून गेले. पहिला म्हणतो, "ताई, काढायची काही गरज नाही, आहे त्यावरच केमिकलने टाइल चिकटवतो." केमिकल म्हणजे टाइल चिकटवायचं तयार मिश्रण. मजुरी २४ रुपये चौरस फूट. दुसरा म्हणतो जुनी काढल्याशिवाय हात लावणार नाही, ३५ रुपये फूट, पाडकाम आणि राडारोडा उचलणं वेगळं. तिसरा मालासकट एकच आकडा सांगतो. कुठली टाइल, किती सिमेंट, याची फोड करून देत नाही आणि निम्मे पैसे आधी मागतो.

एकूण ६५० चौरस फूट आहे. आमच्या ह्यांना पहिला पटलाय, कारण घरात धूळ नाही आणि काम लवकर उरकतं. माझं मन घेत नाही, पण का घेत नाही ते मला नीट मांडता येत नाहीये. जाणकारांनी सांगावं. टाइल दोन बाय दोन फुटांची घ्यावी की दोन बाय चार, तेही सांगा.

निवृत्त_ओव्हरसियर

ताई, तुमचं मन बरोबर सांगतंय. माझी नोकरी बांधकामांवर देखरेख करण्यात गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फरशी आपोआप खचत नाही. तिच्या खालचं काहीतरी बसतं, म्हणून ती बसते. विजापूर रोड, जुळे सोलापूर, त्या अख्ख्या पट्ट्यात काळी माती आहे. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भेगा तर तुम्ही मोकळ्या प्लॉटवर बघितल्याच असतील, हात जाईल एवढ्या. त्या काळात पुष्कळ घरांच्या जोत्यात मुरुमाऐवजी पाया खोदताना निघालेली तीच काळी माती लोटून दिली जायची, कारण ती फुकट असायची आणि उचलून न्यायला पैसे पडायचे. वर शहाबादी बसली की सगळं झाकलं जातं. मग कुठं मोरीचा पाइप झिरपतो, कुठं घुशी पोखरतात, आणि पंचवीस-तीस वर्षांनी हॉल मधोमध खाली जातो.

आता अशा जमिनीवर केमिकलने टाइल चिकटवली तर काय होईल? केमिकल टाइलला शहाबादीशी धरून ठेवेल, पण शहाबादीला जमिनीशी कोण धरणार? ती डुलत राहणार आणि वरची टाइल तडकणार. टाइलवर टाइल हा प्रकार वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. वरच्या मजल्यावर, स्लॅबवर, खालची फरशी घट्ट असेल तर तो चांगला उपाय आहे. तुमच्या हॉलला तो लागू नाही, एवढंच.

कोणालाही काम देण्याआधी एक करा. जिथं जास्त खचलंय तिथल्या दोन-चार फरश्या काढून दीड-दोन फूट खड्डा घ्यायला लावा. खाली मुरूम आहे की काळी माती, ओली आहे की कोरडी, घुशीचं बीळ आहे का, हे डोळ्यांनी बघा. जो कंत्राटदार हा खड्डा घ्यायला आढेवेढे घेईल त्याला नमस्कार करा. आणि जो तुम्ही न सांगता स्वतःहून म्हणेल की "आधी खाली बघू", त्याचा दर जास्त असला तरी बोलणी त्याच्याशीच करा. तुमच्या दुसऱ्या माणसात मला तो गुण दिसतोय. २४ आणि ३५ मध्ये ११ रुपयांचा फरक, म्हणजे ६५० फुटांवर ७,१५० रुपये. टाइल पुन्हा उचकटायची वेळ आली तर हे पैसे नुसत्या पाडकामात जातील, आणि फुटलेली टाइल परत मिळणार नाही ती वेगळीच.

काळी माती निघाली तर खचलेल्या भागातली ती काढून मुरूम भरायचा. सहा-सहा इंचाचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि प्रत्येक थरावर धुमस, म्हणजे ठोकून दाबायचं जड अवजार. एकदम दोन फूट मुरूम टाकून वरून पाणी सोडलं तर तो पुन्हा बसणार. त्यावर चार इंच पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट, सिमेंट-वाळू-खडी एक-चार-आठ प्रमाणात, आणि निदान सात दिवस पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पाणी मारण्यात सगळ्यात जास्त चालढकल होते. बोअर किंवा टाकीतून पाणी कोण मारणार, हे आधीच ठरवा. जमीन उघडी आहे तोवर वाळवीचं औषधही मारून घ्या.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. फरशीची उंची वाढली की जिन्याची पहिली पायरी बुटकी होते आणि बाकीच्या तशाच राहतात. तरणा माणूस सावरतो, म्हाताऱ्या माणसाचा पाय तिथं चुकतो. गच्चीचा जिना घरातून असेल तर हे लक्षात ठेवा. दारंही खालून तासावी लागतात. जुनी काढून त्याच पातळीला नवी बसवली तर हा प्रश्नच येत नाही. बाथरूमची पातळी मात्र घरापेक्षा खालीच हवी आणि ढाळ जाळीकडे, फुटाला साधारण ३ मिलिमीटर.

टाइलच्या_दुकानात_बसतो

काकांनी खालचं सांगितलं, मी वरचं सांगतो. दोन बाय चार दिसायला भारी दिसतंय, पण जुन्या घराच्या भिंती काटकोनात नसतात की ओ. मोठी टाइल कडेला तिरकी कापावी लागते, वाया जास्त जाते, आणि बसवणाऱ्याचा हात पक्का नसला तर दोन टाइलच्या कडा वर-खाली राहतात. तुमच्या सासूबाईंना तीच तर ठेच लागायलालीय. दोन बाय दोन घ्या. चकचकीत नको, मॅट घ्या. ओल्या पायाने चकचकीत टाइलवर म्हातारं माणूस घसरतंय.

हिशोब असा. दोन बाय दोनच्या बॉक्सात चार नग येतात, १५.५ चौरस फूट भरतंय. ६५० ला नुसते ४२ बॉक्स, पण कापण्यात जाणारं आणि फुटणारं धरून ४६ घ्या. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची टाइलची पट्टी, त्यातूनच कापणार असाल तर आणखी लागतील. सगळे बॉक्स एकाच खेपेत उचला आणि प्रत्येक बॉक्सवरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे का, ते टेम्पोतून उतरवताना बघा. नंतर चार बॉक्स कमी पडले म्हणून गुजरातेत मोरबीला टाइल बनतात, तिथून आलेला नवा लॉट आणला तर रंगात फरक पडतोच. काम झाल्यावर एक बॉक्स माळ्यावर ठेवून द्या.

व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारखी घट्ट केलेली टाइल पाणी पीत नाही, अर्ध्या टक्क्याच्या आतच. म्हणून नुसत्या सिमेंटच्या पाण्यावर ती नीट धरत नाही. केमिकल वापरणार असाल तर ते दातेरी थापीने पूर्ण पसरवून लावायला सांगा. काही जण चार कोपऱ्यांत आणि मधे गोळा ठेवून टाइल दाबतात. मधली जागा पोकळ राहते आणि तिथंच खुर्चीचा पाय आपटला की टाइल फुटते. बसवल्यावर दुसऱ्या दिवशी लाकडी मुठीने टाइल-टाइल ठोकून बघा. बद्द आवाज आला की ती काढायलाच लावायची, टाइलमधल्या फटींत ग्राउट भरायच्या आधी.

साखर_पेठ

आमच्याकडे हॉलचं काम झालं तेव्हा वडिलांनी एक अट घातली होती, ती तुम्हाला सांगते. पहिल्या दिवशी हॉल द्यायचा नाही. आधी मागची खोली द्यायची, जिथं पाहुणे जात नाहीत. त्या खोलीत पाणसळ ठेवून, दोरी ताणून, ठोकून बघायचं आणि पटलं तरच पुढची खोली. कंत्राटदार आधी कुरकुरला, मग तयार झाला. त्यामुळे आणखी एक कळलं: बोलायला आलेला माणूस एक आणि बसवायला आलेला दुसराच. म्हणून आधीच विचारा की प्रत्यक्ष कोणाचे हात लागणार, आणि त्याच कारागिराने केलेलं काम दाखवायला सांगा. नवं कोरं दाखवतात ते बघू नका, नवं सगळंच छान दिसतं. ज्या कामाने एक पावसाळा आणि एक उन्हाळा काढलाय ते बघा, आणि त्या घरच्या बाईला विचारा, मालकाला नाही. रोज पुसते तिला माहीत असतं कुठं पाणी थांबतं.

दुसरं, ज्या खोल्या खचलेल्या नाहीत तिथली शहाबादी काढायलाच हवी का? आमच्या आतल्या खोलीतल्या जुन्या शहाबादीला मशीनने पॉलिश करून घेतलं. काळसर निळा रंग असा उठून आला की नवी फरशी कोणी मागेना. तो चुनखडीचा दगड आहे, त्यावर ॲसिड किंवा लिंबू मात्र पडू द्यायचं नाही, डाग राहतो. पण उन्हाळ्यात दुपारी त्या फरशीवर चटई टाकून पडण्याचं सुख मला तरी टाइलवर मिळालं नाही. शहाबाद आपल्यापासून लांब नाही, वाडी जंक्शनच्या रेल्वेमार्गावरच आहे. घराघरात हा दगड होता, आता ट्रॉल्या भरभरून फेकला जातोय, याचं मला खरंच वाईट वाटतं. काढलीत तरी धड निघालेल्या फरश्या परसात, गाडीखाली वापरा.

कागदाचा_माणूस

तिसऱ्या माणसाला निम्मे पैसे आधी देऊ नका. आमच्या नात्यात एकाने असेच दिले. कंत्राटदाराने अर्ध्या घराची फरशी उखडली आणि दुसऱ्या साइटवर निघून गेला. ते कुटुंब सणासुदीत मुरुमावर सतरंजी टाकून राहिलं.

साध्या कागदावर लिहा आणि दोघांनी सह्या करा. माप कशाचं धरणार हे त्यात पहिलं: प्रत्यक्ष बसलेल्या फरशीचं की बॉक्सचं? बॉक्सवर मजुरी धरली तर वाया गेलेल्या टाइलचीही मजुरी तुम्हीच देता. स्कर्टिंग रनिंग फुटाने वेगळं की त्याच दरात, राडारोडा कोण उचलणार, ग्राउट कोणाचा, वाळू चाळून घेणार का, हे सगळं लिहा. बयाणा थोडा, मग खोलीप्रमाणे पैसे, आणि शेवटची रक्कम ठोकून बघितल्यावर. पैसे यूपीआयने किंवा चेकने द्या, रोख दिलेत तर पावती घ्या.

तरीही कोणी फसवलंच तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या कामाला शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी विचारून घ्या. पण तिथं कागद लागतो, नुसतं "बोलणं झालं होतं" चालत नाही.

विजापूर_रोड_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. दुसऱ्या मिस्त्रींना फोन करून खड्ड्याचं विचारलं, ते म्हणाले, "मी तेच म्हणणार होतो." आज हॉलमधल्या चार फरश्या काढल्या. काका, तुम्ही लिहिलंत तसंच निघालं. वर विटांचे तुकडे आणि खाली काळी माती, स्वयंपाकघराकडच्या बाजूला चिकट ओली, हातात घेतली तर गोळा होत होता. सिंकचा जुना पाइप भिंतीच्या आत सांध्यात झिरपतोय. वरून काहीच दिसत नव्हतं. आमचे हे खड्ड्यात वाकून बघत होते, मग स्वतःच म्हणाले, पहिल्याला नाही सांगून टाक.

तर ठरलं असं: हॉल, स्वयंपाकघर आणि देवघर खालपासून नवीन, मॅट टाइल दोन बाय दोन. आतल्या दोन खोल्यांची शहाबादी धड आहे, तिला पॉलिश. सासूबाईंनाही तेच हवं होतं, पण त्या बोलल्या नव्हत्या. आता टाइल कमी लागणार, त्यामुळे बॉक्सचा हिशोब नव्याने करते. हॉलच्या आधी देवघर करून घेणार, म्हणजे काम कसं आहे ते कळेल. मिस्त्री म्हणतात पाइप बदलला की लगेच दुसऱ्या दिवशी मुरूम भरू. चालेल ना?

निवृत्त_ओव्हरसियर

एवढी घाई नको. नवीन पाइप जोडल्यावर खड्डा उघडाच ठेवा, सिंक बादलीभर पाण्याने पुन्हा पुन्हा रिकामं करा आणि रात्रभर सांध्याखाली कोरडा कागद ठेवा. सकाळी कागद कोरडा निघाला तर पाइप ठीक. ओली माती पूर्ण काढा, थोडी राहू दे म्हणतील, ऐकू नका. तळ दोन-तीन दिवस हवेवर सुकू द्या आणि मगच पहिला थर टाका. मुरूम आला की ट्रॉली रिकामी करण्याआधी मूठभर घेऊन बघा. त्यात काळी माती मिसळलेली असली तर ट्रॉली परत पाठवा.