जुलूस पुढे ढकलला. पुढच्या वेळी कोण ढकलणार?

उंबरठा (धागाकर्ता)
2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, 28 सप्टेंबरला आली. मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी ईदचा जुलूस आपणहून 29 तारखेला नेला, सरकारने सुट्टीही हलवली. 2024 ला सण लागोपाठ आले, तेव्हा जुलूस 18 सप्टेंबरला. 2025 ला 8 सप्टेंबरला. माझ्या मते धर्मस्वातंत्र्य खऱ्या अर्थाने असंच टिकतं. कोर्टाने दोघांना तोच दिवस दिला असता, तरी खिलाफत हाऊसमधून निघणारा जुलूस आणि लालबागहून येणारी मिरवणूक भायखळ्यातच समोरासमोर आली असती. तिथे आदेशाचा कागद घेऊन कोण उभं राहणार?

काटेकोर
असहमत. तीन वर्षं माघार एकाच बाजूची आहे. पहिल्या वर्षी सौजन्य, दुसऱ्या वर्षी अपेक्षा, तिसऱ्या वर्षी अट, असं होत जातं, कारण काहीच लेखी नसतं. संविधानाच्या कलम 25 मधला धर्म पाळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे. सणाआधी पोलीस बोलावतात त्या शांतता समितीच्या बैठकीला मात्र ट्रस्टी, मंडळांचे अध्यक्ष आणि मौलानाच असतात. त्यांनी सोडलेला हक्क बाकीच्यांनीही सोडला, हे कुणी ठरवलं?

पंचांग
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहतेय: काय हलवता येतं आणि काय नाही. जुलूसाला धर्माने बांधलेली वेळ नाही, म्हणून तो हलला. 2023 ला आषाढी आणि बकरी ईद 29 जूनला एकत्र आल्या, तेव्हा अनेक गावांत कुर्बानी दुसऱ्या दिवशी झाली. कुर्बानीला तीन दिवसांची मुभा असते, त्यामुळे कुणाचा धर्म बुडाला नाही. नमाजाची वेळ मात्र हलत नाही. सार्वजनिक विसर्जनाची तिथी हलवायलाही मंडळं तयार होत नाहीत, पण मिरवणूक निघायची वेळ, मार्ग, ताशा कुठे थांबवायचा, हे सगळं हलतं. म्हणजे परतफेड शक्य आहे, ती मागितली जात नाही इतकंच.

समितीची बैठक सणाच्या आदल्या आठवड्यात घेतली की हमखास फसते. तोवर वाजंत्री आणि ट्रक ठरलेले असतात, आगाऊ पैसे गेलेले असतात. दीड-दोन महिने आधी बसावं. इतिवृत्त मराठी आणि उर्दू दोन्हींत लिहून त्याच बैठकीत वाचून दाखवावं, दोन्हींकडच्या सह्या घ्याव्यात. पुढच्या वेळी कोण सरकणार, हेही त्यातच लिहावं. प्रत्येक चौकात दोन्हींकडचा एकेक स्वयंसेवक जोडीने उभा असावा. अफवा आली की त्या दोघांनी जागेवर जाऊन पाहावं आणि मगच मेसेज पुढे जावा. 2026 ला अधिक ज्येष्ठामुळे गणपती पुढे जातो, मिलाद ऑगस्टमध्ये येते. टक्कर नसलेलं वर्ष नियम लिहायला सर्वांत चांगलं, कारण तेव्हा कुणालाच हरल्यासारखं वाटत नाही.

काटेकोर
लेखी नियम मान्य. तरी 'समाजाने मिटवलं' म्हटलं की मी सावध होते. जातपंचायतीही गावात शांतता राखतो असंच म्हणत कुटुंबं वाळीत टाकत होत्या. त्यासाठी महाराष्ट्राला 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. धर्म बदललेला एकटा माणूस, पंथाबाहेर लग्न केलेली मुलगी, यांच्या वतीने समितीत कोण बोलतं? तक्रार गुन्ह्याची असेल तर समितीने हात लावू नये, थेट पोलीस ठाणं. रात्री दहानंतरच्या भोंग्याचंही तेच. कायद्याने ठरलेली वेळ वाढवून देणं समितीच्या हातात नाही.

उंबरठा
गुन्ह्याबद्दल पूर्ण सहमत. प्रतिनिधित्वावर मात्र भिवंडीचं उदाहरण बघा. 1970 आणि 1984 ला पेटलेलं गाव. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला कमिट्या, म्हणजे वस्तीवस्तीत दोन्ही समाजांच्या रहिवाशांच्या समित्या, उभ्या केल्या, त्यांत पुढाऱ्यांऐवजी मुद्दाम साधी माणसं घेतली. 1992-93 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली.

काटेकोर
आणि जुलै 2006 मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानालगतच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून हिंसाचार झाला, पोलीसही मारले गेले. वाद पोलिसांशीच असेल, तर पोलिसांनी उभी केलेली कमिटी मध्यस्थ कशी होणार? निमंत्रक पोलीस नकोत. दोन्हींकडच्या दोन माणसांनी बैठक बोलवावी, अधिकाऱ्याने फक्त बंदोबस्ताचं सांगावं.

पंचांग
इथे मी तुमच्या बाजूने नाही. पोलिसांनी बोलावल्याशिवाय मोठी मंडळं येतच नाहीत. पहिली बैठक त्यांनीच बोलवावी. दुसरीपासून तुम्ही म्हणता तसं.