आवाज क्लच पेडल दाबल्यावर की सोडल्यावर?

क्लचची घरघर आणि घाटात गाडी न ओढणं, या तक्रारीवर दिलेलं "घरघर म्हणजे रिलीज बेअरिंगच (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) गेलं" हे निदान अर्धंच बरोबर आहे. गाडी न्यूट्रलला, इंजिन आयडलला ठेवा आणि क्लच हळू दाबा. दाबल्यावर आवाज सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. पाय काढलेला असताना आवाज आणि दाबताच बंद, तर बहुतेक गिअरबॉक्सचं इनपुट शाफ्ट बेअरिंग (क्लचकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं). तिथे नवा क्लच सेट टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

मुंबईहून येताना कसारा घाटात आरपीएम (इंजिनचे फेरे) चढतो पण वेग वाढत नाही, ही मात्र स्लिपच, म्हणजे क्लच प्लेट घसरतेय. क्लच केबलवाल्या जुन्या गाडीत आधी पेडलचा फ्री प्ले (क्लच सुटायला लागण्याआधीची मोकळी हालचाल) गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे आहे का बघा. केबल फार ताणलेली असेल तर नवी प्लेटही जळते. आणि गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर इंजिनच्या क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील (तेल बाहेर येऊ न देणारं) तपासून घ्याच, तिथलं तेल प्लेटवर गेलं की स्लिप पुन्हा सुरू.