मदत हवी आहे : पहिलारू मेंढी एका कोकराला जवळ घेत नाही

माण तालुक्यात आम्ही घोंगडीच्या काळ्या लोकरीसाठी बावीस दख्खनी मेंढ्या पाळतो. परवा पहाटे एका पहिलारू मेंढीला जुळी झाली, जे या जातीत क्वचितच घडते. नर कोकराला ती चाटते आणि पाजते, परंतु काळ्याभोर मादी कोकराला मात्र डोक्याने ढुसण्या देऊन दूर लोटते. जन्मानंतर तासाभरातच आम्ही चीक पिळून तिला पाजला, नाळेला आयोडीन लावले आणि आता मेंढीला धरून दर तीन तासांनी पाजत आहोत. कास मऊ आहे, सडांना जखम नाही. आईचेच दूध कोकराच्या पाठीवर व शेपटीजवळ चोळल्यास ती त्याला स्वीकारते का, आणि दोघांना तिच्यासोबत वेगळ्या खणात किती दिवस ठेवावे? बाटलीवर वाढवण्याची आमची तयारी आहे, तरी हे कोकरू आईपाशीच वाढावे अशी मनापासून इच्छा असल्याने अनुभवी मेंढपाळांनी कृपया मार्गदर्शन करावे.