एक्सेलमधली उधारीची वही : बेरीज कमी येते, तारखा उलट्या, सॉर्ट होतच नाही

गांधीबाग_काउंटर

नमस्कार मंडळी. नागपूरला गांधीबागेत कापडाच्या होलसेल दुकानात हिशेबाचं काम आहे. बिलं वेगळ्या सॉफ्टवेअरमधून निघतात, पण उधारी-वसुली मालकांना एक्सेलमध्येच पाहिजे. उमरेड, काटोल, रामटेक, भंडारा, वर्धा अशा दोनेकशे पार्ट्या आहेत.

आधीच्या माणसानं करून ठेवलेली फाइल अशी : वर दुकानाचं नाव मर्ज करून (म्हणजे बरेच सेल जोडून एक करून) मोठ्ठं. पार्टीचं नाव एकदाच, आणि त्यासाठी खालच्या सात-आठ ओळी मर्ज. प्रत्येक पार्टीखाली ‘एकूण’ची ओळ. दर महिन्याची वेगळी शीट. पैसे आले की ओळ हिरवी, नाही आले तर पिवळी.

आता अडचणी. नावाप्रमाणे सॉर्ट करायला गेलं की मर्ज केलेले सेल सारख्या आकाराचे पाहिजेत असं काहीतरी येते. कॅल्क्युलेटरवरची बेरीज आणि शीटमधली जुळून नाही राहिली, शीटची कमीच येते. तारखा काही डावीकडे चिकटतात, काही उजवीकडे. आणि मालक विचारतात, ‘साठ दिवसांच्या वरची बाकी कोणाकोणाकडे?’, तर ते बोटानं मोजत बसा.

फाइल नवीन करू का आहे तीच सुधारू? आणि सीताबर्डीवर एखादा क्लास लावावा का?

इतवारीचा_मुनीम

भाऊ, आहे तीच सुधरवा, एका बैठकीचं काम आहे. पण आधी फाइलची कॉपी करून ठेवा, आणि जे काय करायचं ते कॉपीवर.

ही फाइल वाचायला बनवली आहे, हिशेबाला नाही. छापील वहीसारखी दिसावी म्हणून मर्ज, रंग, मधल्या बेरजा टाकल्या आणि तिथंच सगळं अडलं. नोंदीची शीट उघडीबोडकी पाहिजे : पहिल्या ओळीत कॉलमची नावं, त्याखाली एक व्यवहार एक ओळ, मधे एकही रिकामी ओळ नाही, एकही बेरीज नाही. सजावट करायची ती दुसऱ्या शीटवर.

क्रमानं करा, क्रम महत्त्वाचा आहे.

वरची दुकानाच्या नावाची ओळ काढून टाका. पूर्ण शीट निवडून ‘अनमर्ज’ करा. आता पार्टीचं नाव फक्त वरच्या सेलमध्ये राहील, खालचे रिकामे होतील. शेवटच्या नोंदीपर्यंतचा नावांचा कॉलम निवडा, एफ५ दाबा, ‘स्पेशल’मध्ये जाऊन ‘ब्लँक्स’ घ्या. सगळे रिकामे सेल एकदम निवडले जातात. माउसला हात न लावता बरोबरचं चिन्ह टाइप करा, वरचा बाण एकदा दाबा आणि कंट्रोल-एंटर. प्रत्येक रिकाम्या सेलमध्ये वरचं नाव उतरतं. (नावाऐवजी सूत्रच दिसायला लागलं तर कॉलमचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ आहे. अनडू करा, फॉरमॅट ‘जनरल’ करा आणि परत तेच.)

पुढची पायरी बहुतेक लोक विसरतात. ही नावं अजून सूत्रं आहेत, प्रत्येक सेल आपल्या वरच्या सेलकडे बोट दाखवतो. अशात सॉर्ट केलं की काटोलच्या पार्टीचं बिल भंडाऱ्याच्या नावावर जाते. म्हणून तो कॉलम कॉपी करून तिथंच ‘पेस्ट स्पेशल – व्हॅल्यूज’ करा.

मग फिल्टर लावा. डेटा जिथवर आहे तिथवर आधी स्वतः निवडा, कारण मधे रिकामी ओळ असली तर एक्सेल तिथंच थांबतं. फिल्टरनं ‘एकूण’च्या ओळी काढून डिलीट करा, नंतर रक्कम रिकामी असलेल्या ओळी.

रंग पुसू नका लगेच. त्यात माहिती आहे, फक्त ती सूत्राला वाचता येत नाही. ‘स्थिती’ नावाचा कॉलम घाला, रंगानुसार फिल्टर करून हिरव्या ओळी समोर आणा, त्या कॉलममधले सेल निवडा, आल्ट दाबून अर्धविरामाची कळ दाबा (म्हणजे फक्त दिसणारे सेल निवडले जातात), ‘आले’ टाइप करा आणि कंट्रोल-एंटर. पिवळ्यांचंही तसंच. त्यानंतर रंग काढा.

बारा महिन्यांच्या बारा शीट एकाखाली एक चिकटवा. ओळी जास्त होतील ही भीती नको, एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी बसतात. पण चिकटवायच्या आधी तारखा दुरुस्त करा, ते इथं कोणीतरी सांगेलच. सगळं झालं की कंट्रोल-टी दाबून टेबल करून टाका. नवी ओळ लिहिली की टेबल आपोआप वाढते आणि सूत्रंही खाली उतरतात.

बेरीज कमी येण्याचं कारण जवळपास नक्की हे : रकमेच्या कॉलममध्ये काही आकडे मजकूर आहेत. ‘१२५००/-’ किंवा ‘रु. १२५००’ असं लिहिलं की एक्सेलसाठी तो आकडा राहत नाही, आणि ‘सम’ त्याला मुकाट्यानं वगळते, चूक दाखवतच नाही. देवनागरी अंक टाइप केले तरी बहुतेक वेळा हेच होते, म्हणून अंक इंग्रजीच टाका. तपासायला सोपं : कॉलम निवडा, खालच्या पट्टीवर राइट-क्लिक करून ‘काउंट’ आणि ‘न्यूमेरिकल काउंट’ दोन्ही चालू करा. शीर्षकाचा एक सोडून दोघांत जेवढा फरक, तेवढे आकडे मजकूर आहेत. कॉलम ‘जनरल’ करून कंट्रोल-एच घ्या, ‘/-’ शोधा, बदलायची जागा रिकामी ठेवा, ‘रिप्लेस ऑल’. तसंच ‘रु.’चं.

सदर_डेटा

तारखांचं मी सांगते.

एक्सेलच्या पोटात तारीख म्हणजे एक आकडा असतो. १ एप्रिल २०२५ म्हणजे ४५७४८. उजवीकडे चिकटलेली ती खरी तारीख, डावीकडची नुसता मजकूर. (कोणी मुद्दाम अलाइनमेंट बदलली असेल तर फॉरमॅट ‘जनरल’ करून बघा. आकडा झाला तर तारीख, तशीच राहिली तर मजकूर.)

तुमच्या कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असणार, आधी महिना मग दिवस. कोणी ०५/०६ टाइप केलं की ती ५ जून न होता ६ मे होते. आणि २५/०६ टाइप केलं तर पंचविसावा महिना नसल्यामुळे ती मजकूर म्हणून पडून राहते. म्हणजे डावीकडच्या तारखा निदान दिसतात तरी. धोका उजवीकडच्यांचा आहे, त्या शहाण्यासारख्या दिसतात आणि चूक असतात.

तुमच्या शीट महिन्याप्रमाणे आहेत हे इथं कामी येतं. जूनच्या शीटमध्ये उलटलेल्या सगळ्या तारखा ६ तारखेच्याच दिसतील : ६ जानेवारी, ६ फेब्रुवारी, ६ मार्च. तशा दिसल्या की शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये हे सूत्र त्यांच्यापुरतं लावा :

=डेट(इयर(ए२),डे(ए२),मंथ(ए२))

(टाइप अर्थातच इंग्रजीत करायचं.) दिवस आणि महिना जागा बदलतात. मग व्हॅल्यूज करून मूळ जागी चिकटवा.

डावीकडच्यांसाठी : फिल्टरनं त्या वेगळ्या काढून दुसऱ्या कॉलममध्ये न्या. ‘डेटा’ टॅबमध्ये ‘टेक्स्ट टू कॉलम्स’, दोनदा ‘नेक्स्ट’, तिसऱ्या पायरीवर ‘डेट’ निवडून शेजारच्या यादीतून ‘डीएमवाय’ (दिवस-महिना-वर्ष), आणि ‘फिनिश’. २५.०६.२०२५ असं टिंब देऊन लिहिलेल्याही यात सुटतात.

पुढं हे होऊ नये म्हणून विंडोजच्या सेटिंगमध्ये रीजनल फॉरमॅट ‘इंग्लिश (इंडिया)’ करा आणि एक्सेल बंद करून परत उघडा. एका दगडात दुसरं पाखरू म्हणजे स्वल्पविरामही लाखाच्या जागी येतो, १,२५,००० असा. गूगल शीट्स वापरत असाल तर फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल ‘इंडिया’.

आणि बिल नंबर! ‘१२/२५’ असा नंबर टाकला की एक्सेल त्याचा डिसेंबर २०२५ करून टाकतं. नंतर फॉरमॅट ‘टेक्स्ट’ केला तर पाच आकडी संख्या दिसते, मूळ नंबर परत येत नाही. म्हणून टाइप करायच्या आधीच तो कॉलम ‘टेक्स्ट’ करा. बँक खात्याच्या नंबरालाही तेच, पंधरा अंकांनंतरचे अंक एक्सेल शून्य करून ठेवतं.

गांधीबाग_काउंटर

सदर ताई, बरोब्बर! जूनच्या शीटमध्ये ६ तारखांची रांगच लागून आहे. नावं भरली, सॉर्ट पण झालं. आता एक पार्टी तीन-चार नावांनी दिसून राहिली : ‘साई ट्रेडर्स’, ‘श्री साई ट्रेडर्स’, ‘साई ट्रेडर्स ’ (शेवटी स्पेस). आणि साठ दिवसांचं कसं काढू?

इतवारीचा_मुनीम

पार्ट्यांची वेगळी शीट करा : नाव, गाव, मोबाइल, जीएसटी नंबर, मुदतीचे दिवस. गाव प्रत्येक व्यवहारात लिहायचं नाही, एकदा इथं लिहिलं की पुरे. नोंदीच्या शीटमध्ये नावाच्या कॉलमला ‘डेटा व्हॅलिडेशन – लिस्ट’ लावा आणि या यादीकडे बोट दाखवा. म्हणजे नाव निवडायचं, टाइप करायचं नाही. फक्त लक्षात ठेवा, दुसरीकडून कॉपी करून चिकटवलं तर व्हॅलिडेशन अडवत नाही, वरून तेच पुसलं जाते.

जुनी नावं साफ करायला आधी ‘ट्रिम’ लावा, पुढच्या-मागच्या स्पेस जातात. सॉफ्टवेअरमधून काढलेल्या नावात कधीकधी वेगळी स्पेस असते, कॅरेक्टर १६० नंबरची. ती ‘ट्रिम’ला जुमानत नाही, ‘सबस्टिट्यूट’नं काढावी लागते. मग नावांचं पिव्हट टेबल (नोंदींचा आपोआप गोषवारा काढणारा तक्ता) करा, एकाखाली एक सगळी रूपं दिसतात. कोणतं कोणाचं हे मात्र तुम्हालाच ठरवावं लागेल. रामटेकचे साई आणि उमरेडचे साई वेगळे असू शकतात, तिथं नावातच गाव जोडा.

पार्ट्यांच्या शीटमधून गाव आणायला व्हीलुकअप (नावावरून शेजारची माहिती शोधून आणणारं सूत्र) वापरलं तर शेवटी ‘फॉल्स’ लिहाच. नाही लिहिलं तर ते अंदाजे जुळणारं काहीतरी उचलतं आणि चुकीचं गाव बिनधास्त दाखवतं.

आता बाकी. नोंदीत ‘नावे’ (पार्टीकडून येणं) आणि ‘जमा’ (पार्टीकडून आलेलं) असे दोन कॉलम ठेवा, वहीसारखे. बाकी म्हणजे सम-इफ्सनं (दिलेल्या अटीत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज करणारं सूत्र) काढलेली नावेची बेरीज वजा तशीच जमेची.

वर्धा_रोड_टॅली

दोन कॉलमपेक्षा ‘प्रकार’ (बिल, जमा, माल परत) आणि एकच ‘रक्कम’ कॉलम बरा. पिव्हटमध्ये प्रकार आडवा टाकला की तिन्ही वेगळे दिसतात. नावे-जमात माल परत आणि रोख जमा एकाच डब्यात जातात.

इतवारीचा_मुनीम

ते खरं, पण मग बाकी काढायला वजाबाकी वेगळी करावी लागते आणि मालकाला ती शीट वाचता येत नाही. दोन कॉलम ठेवून शेजारी ‘प्रकार’ लिहिला तर दोन्ही साधतं. गांधीबागवाले भाऊ, तसंच करा.

साठ दिवसांसाठी बिलवार नोंद पाहिजे. २५,००० चा चेक आला आणि त्यात १८,४०० चं एक बिल आणि ६,६०० चं दुसरं मिटत असेल तर दोन ओळी लिहा, चेक नंबर दोन्हीत तोच, बिल नंबर वेगवेगळे. नुसतं ‘खात्यावर जमा’ लिहिलं की कोणतं बिल किती दिवसांचं हे एक्सेल काय, कोणीच सांगू शकत नाही.

मग बिलांची एक वेगळी यादी : बिल नंबर, तारीख, पार्टी, रक्कम, त्या बिलावर जमा (सम-इफ्सनं), बाकी, आणि दिवस. दिवस म्हणजे =टुडे()-बिलाची तारीख. उत्तर तारखेसारखं दिसलं तर घाबरू नका, फॉरमॅट ‘जनरल’ करा. बाकी शून्याच्या वर आणि दिवस ६० च्या वर, असा फिल्टर लावला की मालकाच्या प्रश्नाचं उत्तर तयार. पिवळा रंग हवाच असेल तर याच अटीवर कंडिशनल फॉरमॅटिंग लावा. पैसे आले की रंग आपला आपण जाईल. जुनी ‘स्थिती’ तेव्हा ताडून बघायला कामी येईल : ‘आले’ लिहिलंय आणि बाकीही दिसते, अशा ओळी शोधा.

पिव्हट वापरलं तर नवी नोंद केल्यावर ‘रिफ्रेश’ करा. ते स्वतःहून बदलत नाही, आणि मालकाला जुना आकडा सांगितला जातो.

वैदर्भी

एक राहिलं. नावं मराठीत असतील तर ती युनिकोडमध्ये (फॉन्ट बदलला तरी मराठीच राहणारी अक्षरं) आहेत का बघा. जुन्या फाइलमध्ये बऱ्याचदा कृतिदेव (युनिकोड नसलेला जुना फॉन्ट) असतो. फॉन्ट बदलून मंगल किंवा निर्मला केला आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला, म्हणजे कृतिदेवच. ती नावं यादीत, सॉर्टमध्ये, शोधात कुठंच धड चालणार नाहीत, कन्व्हर्टरमधून काढून घ्या. आणि फाइल सीएसव्ही (दुसऱ्या सॉफ्टवेअरला देता येणारी साध्या मजकुराची फाइल) करताना ‘यूटीएफ-८’ असलेला पर्याय निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

क्लासबद्दल : एमएस-सीआयटीत एक्सेलची तोंडओळख होते, पण वर लिहिलंय त्यातलं निम्मं तिथं हाताला लागत नाही. फुकटात पाहिजे तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलवर लिब्रेऑफिस कॅल्कचे (एक्सेलसारखंच फुकट सॉफ्टवेअर) मराठी पाठ आहेत. मेनूची नावं थोडी वेगळी, बाकी बरंचसं सारखंच. क्लासला पैसे द्यायचे तर आधी विचारा : पिव्हट, सम-इफ्स आणि डेटा व्हॅलिडेशन शिकवता का? नाही म्हणाले तर पुढच्या दारी.

गांधीबाग_काउंटर

मालकांना यादी छापून पाहिजे, पानापानावर कॉलमची नावं येत नाहीत.

वर्धा_रोड_टॅली

‘पेज लेआउट’मध्ये ‘प्रिंट टायटल्स’, तिथं वर रिपीट करायच्या ओळीत पहिली ओळ द्या. छापताना स्केलिंगमध्ये ‘फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज’. ‘फिट शीट’वालं घेऊ नका, दोनशे पार्ट्या एका ए-४ वर कोंबल्या की भिंग लागेल. शीर्षक मधोमध पाहिजे असेल तर मर्ज नको. कंट्रोल-१ दाबून अलाइनमेंटमध्ये ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ घ्या, दिसायला तेच आणि सेल वेगळे राहतात.