प्रयोगातल्या ‘कंट्रोल’ला मराठीत काय म्हणावे?

शाईदौत
माझी मुलगी मराठी माध्यमात सातवीत शिकते. कपडे धुतलेले साबणाचे पाणी परसातल्या रोपांना घालावे की नाही, या आमच्या घरातल्या जुन्या वादावरून तिने तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी प्रकल्प केला. तीन वाट्यांत ओल्या फडक्यावर मटकीचे प्रत्येकी 20 दाणे ठेवले. पहिल्या वाटीला साधे पाणी, दुसरीला निम्मे साधे व निम्मे साबणाचे, आणि तिसरीला नुसते साबणाचे. चार दिवस रोज सकाळी सात वाजता मोड मोजले आणि त्यांची लांबी पट्टीने घेऊन वहीत मांडली.

तक्त्यावर, शाळेत सांगितल्याप्रमाणे, तिने ‘नियंत्रण : वाटी क्र. 1’ असे लिहिले होते. परीक्षकांनी विचारले, ‘तुझ्या प्रयोगात नियंत्रण कसे ठेवलेस?’ त्यावर ती म्हणाली, ‘पाणी मी स्वतःच घालत होते. आजीला आणि धाकट्या भावाला वाट्यांना हातसुद्धा लावू दिला नाही.’ परीक्षक हसले आणि गुण गेले. प्रकल्प तरीही जिल्ह्यासाठी निवडला गेला आहे, तक्ता नव्याने करायचा आहे, आणि माझा प्रश्न एवढाच आहे की ‘नियंत्रण’ हा शब्द वाचून बारा वर्षांच्या मुलीला (आणि खरे तर मलाही) जे वाटते ते चुकीचे असेल, तर त्या पहिल्या वाटीला मराठीत म्हणायचे काय?

फळा-खडू
पंचवीस वर्षे विज्ञान शिकवत असल्यामुळे लिहितो. आपल्या मुलीचे उत्तर चुकीचे नव्हते; ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर होते. प्रयोगात एकच गोष्ट मुद्दाम बदलायची असते, तिला स्वाश्रयी चल म्हणतात. इथे ते साबणाचे प्रमाण. तिच्यामुळे जे बदलते ते आश्रयी चल, म्हणजे मोड. बाकी सर्व काही (दाण्यांची संख्या, पाण्याचे माप, वाट्यांची जागा, पाणी घालण्याची वेळ) सारखे ठेवायचे, त्यांना नियंत्रित चले म्हणतात. मुलीने सांगितले ते या शेवटच्या गोष्टीविषयी, आणि परीक्षकांना हवी होती ती तुलनेची वाटी, म्हणजे साबण न घातलेली, जिच्याशी बाकीच्या वाट्या ताडून पाहायच्या ती. इंग्रजीतही एकाच शब्दाच्या पोटात हे दोन अर्थ आहेत; आपण भाषांतर करताना तो घोळ जसाच्या तसा उचलला. ‘नियंत्रण कसे ठेवलेस’ असा प्रश्न आला, तर कोणतेही मूल हेच उत्तर देईल.

तरीही माझे मत असे की शब्द बदलू नये. पाठ्यपुस्तकात, परिभाषेत आणि परीक्षकांच्या तोंडी ‘नियंत्रण’ रुळलेला आहे. घरचा शब्द घेऊन मूल जिल्ह्याला गेले, तर तिथे पुन्हा गुण जातील.

अनुस्वार
‘कंट्रोल’चा उगम पाहिला तर उलगडा होतो. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘कॉन्ट्रारोट्युलस’ म्हणजे मूळ हिशेबाच्या गुंडाळीशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी गुंडाळी. त्यावरून फ्रेंच शब्द आला आणि पुढे इंग्रजी. म्हणजे या शब्दाचा मूळ अर्थ सत्ता गाजवणे असा नसून ताडून पाहणे असा आहे, आणि प्रयोगशाळेने तोच जुना अर्थ जपला आहे. आपण मात्र त्याच्या नंतरच्या अर्थाचे भाषांतर करून बसलो.

ताडून पाहण्याला मराठीत नितांतसुंदर शब्द आहे : ताळा. गुणाकार बरोबर आला की नाही हे भागाकार करून पाहायचे, त्याला आमचे गुरुजी ‘ताळा करणे’ म्हणत. ताळेबंदातही तोच. पहिली वाटी ही ‘ताळ्याची वाटी’. इंग्रजीतला ‘टॅली’देखील याच कुळातला असावा, असा माझा कयास आहे.

फळा-खडू
कयास मागे घ्यावा. ‘टॅली’ लॅटिन ‘तालिआ’वरून आला, त्याचा अर्थ काठी, कारण हिशेबासाठी काठीवर खाचा पाडत असत. दोन शब्दांचा आवाज जुळला की सोयरीक जुळवायची, या सवयीमुळे मराठी व्युत्पत्तीचे पुष्कळ नुकसान झाले आहे. शिवाय ताळा उत्तर आल्यानंतर करतात, तर तुलनेची वाटी पहिल्या दिवसापासून इतर वाट्यांच्या शेजारी असावी लागते. हा फरक लहान नाही.

बांधावरून
आमच्याकडे हा शब्द रोज लागतो, म्हणून आश्चर्य वाटले. दुकानदाराने नवे औषध दिले की माझे वडील सोयाबीनच्या दोन ओळी फवारणीवाचून सोडत. त्या ‘कोऱ्या ओळी’. शेजारी येऊन पाहत, तेसुद्धा आधी कोरीपाशी थांबत आणि मग फवारलेल्या ओळींकडे जात. कृषी विद्यापीठातून येणारी माणसे तिला ‘चेक’ म्हणतात. नवा वाण ज्या प्रचलित वाणाशी तोलायचा, त्यालाही ‘चेक’च म्हणतात. मुलीने ‘कोरी वाटी’ लिहावे, असे मला वाटते. मात्र कोरी म्हणजे पाणीसुद्धा न घातलेली, असा समज होण्याची भीती आहे, हे मान्य करतो.

न्यायरसिक
एवढी शोधाशोध करण्यापूर्वी आपल्या परंपरेकडे पाहिले असते, तर बरे झाले असते. ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण तिथे धूर आहे’ या न्यायशास्त्रातील (म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातील) प्रसिद्ध अनुमानात पर्वत हा पक्ष, म्हणजे ज्याविषयी अनुमान करायचे तो, आणि अग्नी हे साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचे ते. धूर आणि अग्नी दोन्ही असलेले स्वयंपाकघर हा सपक्ष, आणि दोन्ही नसलेले सरोवर हा विपक्ष. जिथे कारण नाही तिथे कार्यही नाही, हे दाखवणाऱ्या उदाहरणावाचून अनुमान पक्के होत नाही. यालाच व्यतिरेक म्हणतात. साबण नसलेली वाटी म्हणजे ते सरोवर. तिला ‘विपक्ष’ किंवा ‘व्यतिरेकी वाटी’ म्हणावे.

फळा-खडू
तक्त्यावर ‘विपक्ष’ वाचून परीक्षकांना विधानसभा आठवेल. आपला मुद्दा विचार करण्याजोगा आहे, शब्द मात्र तक्त्याजोगा नाही. मुलांना सांगण्यासाठी फ्रान्सेस्को रेडी या इटालियन वैद्याचे उदाहरण सोपे पडते. मांसात अळ्या आपोआप होतात हा समज त्याने 1668 मध्ये खोडून काढला. काही बरण्या उघड्या, काही झाकलेल्या, आणि दोन्हींत मांस सारखेच. अळ्या फक्त उघड्या बरण्यांत झाल्या. उघड्या बरण्या शेजारी नसत्या, तर झाकलेल्या बरण्यांत अळ्या न होण्याला काहीच अर्थ उरला नसता.

न्यायरसिक
‘विपक्ष’ नको तर नको. पण मूळ लेखिकेने तक्त्यावर आणखी काय लिहिले आहे, ते कळावे. बहुतेक शाळांत हल्ली ‘गृहीतक : साबणाच्या पाण्याने मोड कमी येतील’ असे लिहून घेतात, आणि ही खरी गंभीर चूक आहे. भूमितीत युक्लिडची गृहीतके आपण सिद्धतेवाचून मान्य करतो. जे मान्यच करून टाकले, ते तपासायचे कसे? इंग्रजीतल्या ‘हायपॉथिसिस’साठी योग्य शब्द ‘अभ्युपगम’ हा आहे. न्यायसूत्रांत चार प्रकारचे सिद्धान्त सांगितले असून त्यांतील अभ्युपगम सिद्धान्त म्हणजे एखादी अपरीक्षित गोष्ट पुढील विचारासाठी तात्पुरती मान्य करणे.

अनुस्वार
आपल्याच व्याख्येत ‘मान्य करणे’ आले आहे, हे आपल्या लक्षात आले नाही का? गृहीतकात मान्य करतात म्हणून तो शब्द नको, आणि अभ्युपगमात तात्पुरते मान्य करतात म्हणून तो हवा, हा न्याय कोणता? शिवाय सातवीतल्या मुलीला ‘अभ्युपगम’ उच्चारायला लावणे हाच एक स्वतंत्र प्रयोग होईल. बी.एड.च्या प्रबंधांत ‘परिकल्पना’ चालते, तीही मला पटत नाही, कारण तिच्यात कल्पनाविलासाचा वास येतो. ‘अंदाज’ म्हणावे आणि मोकळे व्हावे.

फळा-खडू
अंदाज पावसाचाही असतो आणि खर्चाचाही. तपासता येईल असा, आणि खोटा ठरू शकेल असा अंदाज हवा. एवढा अर्थ ‘अंदाज’ या एका शब्दात मावत नाही. मी वर्गात ‘तपासायचे विधान’ असे सांगतो, आणि परीक्षेसाठी ‘गृहीतक’ पाठ करायला लावतो. यात दुटप्पीपणा आहे, हे मला ठाऊक आहे.

शाईदौत
सर्वांचे आभार. काल रात्री हे सारे शब्द मुलीला वाचून दाखवले. ‘ताळ्याची वाटी’ आजीला आवडली. ‘कोरी वाटी’ला मुलीने बांधावरून यांनीच सांगितलेली हरकत घेतली, आणि ‘विपक्ष’ ऐकून भाऊ हसत सुटला. तिचे स्वतःचे म्हणणे असे की ‘तुलनेची वाटी’ एवढेच लिहावे आणि कंसात ‘नियंत्रण’, म्हणजे परीक्षकांनाही बरे वाटेल. मला अजून ठरवता आलेले नाही. तक्त्यावर ‘गृहीतक’ आहेच. त्याबद्दल इतका राग असतो हे माहीत नव्हते.

बांधावरून
मोड किती आले, हे या चर्चेत कोणीच विचारले नाही.

शाईदौत
चौथ्या दिवशी साध्या पाण्यात 19, निम्म्या मिश्रणात 17 आणि नुसत्या साबणाच्या पाण्यात 6.

बांधावरून
मग तिसऱ्या वाटीबद्दल बोलता येईल, दुसरीबद्दल नाही. 19 आणि 17 यांत फरक दोन दाण्यांचा आहे, आणि मटकीत दोन दाणे किडके निघणे ही रोजची गोष्ट आहे. जिल्ह्याचे परीक्षक शब्दावर नाही, इथे बोट ठेवतील. प्रत्येक प्रकारच्या तीन-तीन वाट्या करा. शेतात आम्ही एकच वाफा पाहून निकाल देत नाही. विद्यापीठाची माणसे त्याला पुनरावृत्ती म्हणतात.

अनुस्वार
‘पुनरावृत्ती’त नुकतेच केलेले पुन्हा करण्याचा अर्थ येतो. इथे तिन्ही वाट्या एकाच वेळी ठेवायच्या आहेत. ‘जोडवाट्या’ कसा वाटतो?

शाईदौत
नऊ वाट्यांची मटकी आज भिजत घातली आहे. आजीची तक्रार आहे की आमटी वाढायला घरात वाटी उरलेली नाही.

न्यायरसिक
अभ्युपगमाविषयीच्या माझ्या मुद्द्याचे सविस्तर खंडन अद्याप कोणी केलेले नाही, एवढे नमूद करून ठेवतो.