प्रतिसाद: जिममधलं प्रॅक्टिकल पुरत नाही

'लेक्चर ऑनलाइन, प्रॅक्टिकल जवळच्या जिममध्ये' एवढ्यावर भागतं, हे वरच्या पोस्टमधलं मत ऑस्ट्रेलियातल्या स्पोर्ट सायन्सच्या पदवीला लागू पडत नाही. प्रयोगशाळेच्या विषयांना कॅम्पसवर जावंच लागतं, आणि ते योग्यच आहे. शरीरातल्या चरबीचा अंदाज घेण्यासाठी त्वचेची घडी मोजणं घ्या: कातडी चिमटीत धरून कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) बोटांपासून 1 सेंमीवर लावायचा आणि पूर्ण दाब आल्यावर 2 सेकंदांनी आकडा वाचायचा. चिमटीत स्नायू आला की आकडा फुगतो. ही चूक व्हिडिओत कळत नाही, शेजारी उभं राहून दाखवावी लागते.

प्लेसमेंटबद्दल, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर प्रत्यक्ष काम करण्याबद्दल, मात्र वर काहीच आलेलं नाही. एक्सरसाइज सायंटिस्ट म्हणून 'एसा'ची (ESSA, ऑस्ट्रेलियातली या क्षेत्राची व्यावसायिक संस्था) मान्यता हवी असेल तर देखरेखीखालचे किमान 140 तास लागतात. एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्टला (आजार किंवा दुखापत असलेल्यांसाठी व्यायाम आखणारा) त्यावर आणखी 360. नुसतं बाजूला उभं राहून बघण्यावर तास भरून निघत नाहीत, चाचण्या घेणं आणि व्यायाम आखून करवून घेणं अपेक्षित असतं. बहुतेकांचं अडतं ते कागदपत्रांवर. लहान मुलांसोबत काम करण्याची परवानगी प्रत्येक राज्याची वेगळी असते. विद्यापीठ कुठेही असो, प्लेसमेंट ज्या राज्यात आहे तिथले नियम आधी बघा. क्वीन्सलंडमध्ये ब्लू कार्ड (तिथली हीच परवानगी) हातात आल्याशिवाय मुलांसोबतच्या कामाचा पहिला तासही सुरू होत नाही, त्यामुळे सत्र लागायच्या आधीच अर्ज टाका.