खेळकर, हलती शिल्पं: कुणाचं काम दाखवावं, वर्गात काय करावं?

कलाशिक्षक_निपाणी
शिल्प म्हटलं की सातवी-आठवीच्या पोरांपुढं गणपती आणि चौकातले पुतळे एवढंच येतं. आज काम करणाऱ्या, गमतीशीर डोक्याच्या कलाकारांची नावं सांगा. वाऱ्यावर चालणारी शिल्पं करणारे डच कलाकार थिओ यान्सेन, त्यांचा चालणारा पाय आइस्क्रीमच्या काड्यांत करायचाय. पायाच्या भागांच्या लांबीचे त्यांचे मूळ आकडे दुप्पट करून मिलिमीटर घेतले तर काडी पुरत नाही. लहान केला तर पाऊल घासतं.

तालूर_वाचा
आपल्याच कर्नाटकातले शिल्पकार एल. एन. तल्लूर आधी दाखवा सर. त्यांच्या एका कामात प्रेक्षकानंच लाकडाच्या ओंडक्यात नाणं ठोकायचं असतं. मुंबईत सुदर्शन शेट्टींची पंख फुटलेली डबलडेकर बस आहे, 2012 ची. फोटो दाखवण्यापेक्षा डिसेंबरात चोर्ला घाटानं पणजीला न्या, सेरेंडिपिटी कला महोत्सवात असलं बरंच बघायला मिळतं.

उद्यमबाग_फिटर
काडी साधारण 114 मिमी असते, म्हणून यान्सेनचे आकडे दीडपट करा. मापं भोकाच्या मध्यापासून मध्यापर्यंत, काडीची लांबी नव्हे. निम्म्या चुका इथंच होतात.

क्रँक, म्हणजे पाय चालवणारा फिरता दांडा, 22.5 मिमी. वरचा त्रिकोण 62.25, 60.15, 83.7. खालचा, म्हणजे पावलाचा, 55.05, 98.55, 73.5. जोडकाड्या 58.95 आणि 59.1. क्रँकपासून वरच्या त्रिकोणाला 75, गुडघ्याला 92.85. अर्धा मिमी इकडंतिकडं चालतं, पण सगळ्या पायांत चूक सारखी हवी. म्हणून सहा काड्यांची चळत क्लॅम्पमध्ये धरून एकदमच भोकं पाडा. टोकाला चिकटपट्टी गुंडाळून आधी 1.5 चं ड्रिल, मग 3 चं. नाहीतर काडी चिरतेच.

पाऊल घासायचं मुख्य कारण वेगळंच असतं बघा. क्रँकचा मध्य स्थिर खिळीच्या 57 मिमी बाजूला आणि 11.7 मिमी *वर* हवा. लोक दोन्ही एका रेषेत ठेवतात, मग पावलाची वाट वाकडी होते.

सांध्याला एम3 बोल्ट, दोन काड्यांमध्ये वॉशर, वर नायलॉक (आपोआप सैल न होणारा) नट. नट पूर्ण आवळून पाव फेरा सैल सोडा. त्रिकोण मात्र फेविकॉलनं घट्ट, तिथं हलता कामा नये.

कलाशिक्षक_निपाणी
दोन पायांवर उभं राहील काय? आणि मोटर कुठली?

उद्यमबाग_फिटर
नाही, पडेल. एका क्रँकवर समोरासमोर दोन पाय, अशा तीन जोड्या, क्रँक एकमेकांशी 120 अंशांवर. 90 वर बसवले तर मधेच लंगडतं. मोटर 60 आरपीएमची (मिनिटाला 60 फेरे) बीओ, म्हणजे बॅटरीवरची छोटी गिअर मोटर. 300 ची घेऊ नका, पाय फडफडतात. पण आधी हातानं फिरवून बघा. एखाद्या ठिकाणी अडकत असेल तर मोटर तो दोष लपवते आणि काडी मोडते.

तालूर_वाचा
एवढं जमेना झालं तर तारेचं झुंबर करा, अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांच्या धर्तीचं. ते हयात नाहीत, पण पोरांना तोल कळतो. खालच्या दांडीपासून सुरू करायचं: 60 ग्रॅम 3 सेंमीवर, तर दुसरीकडं 20 ग्रॅम 9 सेंमीवर. वरून सुरू केलं की प्रत्येक वेळी सगळं पुन्हा तोलावं लागतं.